खिडकीवर प्रौढ, घरात मूल

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की शहरांतील मध्यमवर्गीय घरांत सहलीची चर्चा सुरू होते. एके काळी ती आजोळ, कोकण किंवा महाबळेश्वर एवढ्यापुरतीच मर्यादित असे. गेल्या दोन-तीन दशकांत तिच्यात थीम पार्कची भर पडली आहे. कोणाची मजल खोपोलीजवळच्या इमॅजिकापर्यंत जाते, कोणाची सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओजपर्यंत, तर कोणी अमेरिकेतील नातलगांच्या भेटीला जोडून ऑर्लँडो गाठतो. मुले लहान असतील तर हा बेत सोपा असतो. आईवडील ठरवतात आणि मुले हरखून जातात. घरात तेरा ते अठरा या वयोगटातील मुले असली की मात्र तोच बेत अवघड होऊन बसतो. खर्च भरमसाट होतो, दिवस धावपळीत जातो आणि परतीच्या प्रवासात कोणी कोणाशी धड बोलत नाही, असा अनुभव अनेक कुटुंबांच्या पदरी पडतो.

या अपयशाचे खापर सहसा मुलांच्या वयावर फोडले जाते. हे वयच असे, म्हणून विषय संपवला जातो. परंतु खरी गफलत वयात नसून नियोजनात आहे. मनोरंजनाचा हा उद्योग या मुलांना केव्हाच प्रौढ मानून मोकळा झाला आहे. कुटुंब मात्र अजूनही त्यांचे बोट सोडायला तयार नाही. या विसंगतीची किंमत पैशांत तर मोजावी लागतेच, पण त्याहून अधिक ती परस्परांच्या नात्यात मोजावी लागते.

एका तिकिटाचे दिवस

आज चाळिशी-पंचेचाळिशीत असलेल्या मुंबईकर पालकांच्या मनातील थीम पार्कचे चित्र गोराईच्या एस्सेल वर्ल्डने घडवले. १९८९ मध्ये सुरू झालेल्या या उद्यानात जायचे म्हणजे खाडी ओलांडायची, एक तिकीट काढायचे आणि संध्याकाळपर्यंत सर्वांनी एकत्र हिंडायचे. शेजारचे वॉटर किंग्डम १९९८ मध्ये आले. एस्सेल वर्ल्ड २०२२ मध्ये बंद झाले, परंतु त्याने रुजवलेली ‘सगळे मिळून, सगळे एकाच रांगेत’ ही कल्पना पालकांच्या मनातून गेलेली नाही.

दरम्यान उद्योग पुढे निघून गेला. कोचीत २००० मध्ये सुरू झालेल्या उद्यानातून वंडरला हा समूह उभा राहिला आणि पुढे तो बंगळुरू, हैदराबादसारख्या शहरांत पोहोचला. इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झाले. परदेशात हाँगकाँगचे डिस्नेलँड २००५ मध्ये, तर सिंगापूरचे युनिव्हर्सल स्टुडिओज आणि अबू धाबीचे फेरारी वर्ल्ड २०१० मध्ये उघडले. मे २०२५ मध्ये ऑर्लँडोत युनिव्हर्सलचे ‘एपिक युनिव्हर्स’ सुरू झाले आणि त्याच महिन्यात डिस्नेने अबू धाबीच्या यास बेटावर नव्या उद्यानाची घोषणा केली. पर्याय वाढले, अंतरे कमी झाली. पण त्याबरोबर तिकिटांचे प्रकार, वेळांचे नियम आणि वरखर्चाच्या वाटाही वाढल्या. एका तिकिटाचे दिवस मागे पडले.

वय मोजण्याच्या निरनिराळ्या पट्ट्या

मूल कोणाला म्हणायचे, याबाबत या उद्यानांत एकवाक्यता नाही. अमेरिकेतील डिस्नेच्या उद्यानांत दहा वर्षे पूर्ण झाली की प्रौढाचे तिकीट लागते. सिंगापूरच्या युनिव्हर्सलमध्ये ही मर्यादा तेराव्या वर्षी येते. टोकियोने मात्र बारा ते सतरा या वयोगटासाठी ‘ज्युनियर’ असा वेगळा दर ठेवला आहे. कुमारवयाची स्वतंत्र दखल घेणारी अशी उदाहरणे थोडी. भारतातील अनेक उद्यानांत तर वयाऐवजी उंचीच विचारात घेतली जाते. सातवी-आठवीतला उंचापुरा मुलगा तेथे प्रौढ ठरतो.

घरच्या अंदाजपत्रकासाठी याचा अर्थ सरळ आहे. दोन मुले असलेल्या चौकोनी कुटुंबाला बहुतेक ठिकाणी चार प्रौढांचा खर्च धरावा लागतो. मुलांचे तिकीट अर्धे असेल, या जुन्या समजुतीवर बेत आखला तर तो पहिल्याच पायरीवर कोसळतो.

उंचीची अट पाळण्यांसाठीही असते आणि भावंडांच्या वयात अंतर असेल तर तीच भांडणाचे मूळ ठरते. ऑर्लँडोतील ‘इन्क्रेडिबल हल्क’ या रोलर कोस्टरसाठी ५४ इंच, म्हणजे सुमारे १३७ सेंटिमीटर उंची लागते. थोरली बसणार आणि धाकटा खाली उभा राहणार, हे घरीच कळलेले बरे. आईवडिलांपैकी एकाने धाकट्याजवळ थांबावे आणि नंतर दुसऱ्याने पुन्हा रांग न लावता पाळण्यात बसावे, अशी अदलाबदलीची सोय अनेक मोठ्या उद्यानांत असते. ती माहीत नसल्याने कित्येक पालक विनाकारण मन मारतात.

सुटी आपली, गर्दी त्यांची

केव्हा जायचे, हा प्रश्न या वयात सर्वाधिक जाचक होतो. महाराष्ट्रात दहावी-बारावीचे वर्ष म्हणजे सबंध घराचीच परीक्षा. बारावीनंतर जेईई, नीट आणि सीईटी यांच्या तारखा एप्रिल-मेमध्ये पसरलेल्या असतात. नववी आणि अकरावीचे वर्ग सुटीतही चालू राहतात. साहजिकच आठवीनंतर अखंड मोकळा आठवडा मिळणे दुर्मीळ होते. तो मिळाला की मिळेल त्या तारखेला तिकिटे काढली जातात आणि समोरच्या देशातील दिनदर्शिका पाहायची राहून जाते.

एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जपानमध्ये ‘गोल्डन वीक’च्या सलग सुट्या असतात. मे महिन्याच्या प्रारंभी चीनमध्येही कामगार दिनाची सुटी असते आणि तिचा भार हाँगकाँगवर पडतो. सिंगापूरच्या शाळांना मोठी सुटी लागते ती मेच्या अखेरीस. म्हणजेच मराठी घराला सोयीची वाटणारी एकच तारीख टोकियोत गर्दीची, तर सिंगापुरात तुलनेने मोकळी असू शकते. ऑर्लँडोत जूनपासून अमेरिकी शाळांची सुटी, कडक ऊन आणि दुपारच्या वादळी सरी एकाच वेळी येतात. घराजवळ पाहिले तर डिसेंबर-जानेवारीत आडवारीही उद्याने शालेय सहलींनी भरलेली असतात आणि जोडसुटीला खंडाळ्याच्या घाटातच निम्मी सकाळ संपते.

परदेशी जायचे असल्यास आणखी एक बाब नजरेतून सुटते. अज्ञान मुलाचा भारतीय पासपोर्ट सर्वसाधारणपणे पाच वर्षांचा किंवा अठराव्या वाढदिवसापर्यंतचाच असतो. सातवीत काढलेला पासपोर्ट बारावीपर्यंत पुरेल, हे गृहीत धरता येत नाही.

रांगेचा बाजार

गेल्या काही वर्षांतील सर्वांत मोठा बदल रांगेच्या अर्थकारणात झाला आहे. डिस्नेने १९९९ मध्ये ‘फास्टपास’ आणला, तेव्हा ठरावीक वेळी येऊन कमी थांबण्याची ती सोय तिकिटातच मिळत असे. कोविडच्या साथीत ती बंद झाली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये फ्लोरिडातील उद्यानांत तिची जागा सशुल्क योजनेने घेतली. २०२४ मध्ये त्या योजनेचे नाव बदलले, शुल्क राहिले. टोकियोतही २०२२ पासून निवडक आकर्षणांसाठी जादा पैसे मोजून रांग टाळता येते. युनिव्हर्सलचा ‘एक्स्प्रेस’ पास आणि भारतीय उद्यानांतील तत्सम सोयी याच जातकुळीतल्या. प्रवेशाचे दरही दिवसागणिक बदलतात. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडने ही पद्धत २०१६ मध्ये, तर टोकियोने २०२१ मध्ये स्वीकारली.

थोडक्यात, उद्यान आता केवळ पाळणे विकत नाही; ते वेळही विकते. ज्या कुटुंबाचे काय पाहायचे हे ठरलेले नाही, ते या बाजारातील सर्वांत उत्तम गिऱ्हाईक ठरते. दुपारी दोन वाजता, उन्हाने त्रासून आणि रांगेला कंटाळून घेतलेला निर्णय नेहमीच महागात पडतो.

कुमारवयीन मुलांचा खरा उपयोग येथे होतो. उद्यानाचे ॲप, प्रतीक्षेच्या वेळा, नकाशा आणि कोणता पाळणा दुरुस्तीसाठी बंद आहे, ही माहिती पालकांपेक्षा त्यांना कितीतरी लवकर उमगते. एकट्या व्यक्तीसाठी असलेली वेगळी रांग त्यांच्या सोयीची असते. शेजारी आईवडील बसले नाहीत म्हणून त्यांचे काही अडत नाही. मुलांच्या हाती फोन आहे म्हणून कुरकुरण्यापेक्षा त्या फोनवर दिवसाचा आराखडा सोपवावा. मात्र सोपवायचा तर पुरता सोपवावा. एकूण रक्कम आईवडिलांनी सांगावी आणि तिच्यातून जलद रांग घ्यायची, चांगले जेवण घ्यायचे की टी-शर्ट घ्यायचा, हे मुलांना ठरवू द्यावे. मर्यादित पैशांत निवड करण्याचा असा धडा शिकवणीच्या वर्गात मिळत नाही.

मोकळीक किती?

मुलांना उद्यानात एकटे सोडावे का, या प्रश्नावर घराघरांत मतभेद असतात. गंमत अशी की उद्यानांचेही त्यावर एकमत नाही. अमेरिकेतील डिस्नेच्या उद्यानांत २०१३ पासून चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांना मोठ्यांशिवाय प्रवेश मिळतो. याउलट कॅलिफोर्नियातील ‘नॉट्स बेरी फार्म’ने अल्पवयीनांच्या हाणामाऱ्यांनंतर २०२२ मध्ये सोबत प्रौढ व्यक्ती असण्याची सक्ती केली आणि पुढच्या वर्षी अमेरिकेतील आणखी काही उद्यानांनी तिचे अनुकरण केले. तेथील नियम वाचल्याशिवाय मुलांना मोकळे सोडण्याचे आश्वासन देणे इष्ट नाही.

जेथे नियम आड येत नाहीत, तेथे मधला मार्ग काढणे कठीण नसते. सकाळचे दोन तास सर्वांनी मिळून, दुपार ज्याची त्याची आणि संध्याकाळची रोषणाई पुन्हा एकत्र, अशी विभागणी अनेक कुटुंबांना मानवते. भेटीची जागा आणि वेळ मोबाइलच्या भरवशावर न ठेवता आधीच पक्की करावी, कारण गर्दीत नेटवर्क आणि बॅटरी दोन्ही दगा देतात. ‘नको’ म्हणण्याचा अधिकारही यात धरायला हवा. मित्रांच्या चिडवण्याला किंवा वडिलांच्या ‘एवढे पैसे भरलेत’ या वाक्याला भिऊन कोणी रोलर कोस्टरमध्ये बसू नये.

अटी केवळ कागदावर नसतात

सुरक्षेचा मुद्दा याच्याशीच जोडलेला आहे. मार्च २०२२ मध्ये ऑर्लँडोतील एका मनोऱ्यावरून वेगाने खाली येणाऱ्या पाळण्यातून १४ वर्षांचा मुलगा पडून मृत्युमुखी पडला. त्याचे वजन त्या पाळण्याच्या मर्यादेहून अधिक होते आणि आसनाच्या सेन्सरमध्ये हाताने फेरफार केले गेल्याचे चौकशीत आढळले. त्यानंतर २०२३ मध्ये फ्लोरिडा राज्याने कायदा अधिक कडक केला. भारतात जुलै २०१९ मध्ये अहमदाबादच्या कांकरिया परिसरातील पाळणा कोसळून दोघांचा बळी गेला आणि पंचवीसहून अधिक जण जखमी झाले. भारतीय मानक ब्युरोची मानके असली तरी परवाने आणि तपासणी मुख्यतः राज्यांच्या आणि स्थानिक यंत्रणांच्या हाती असल्याने सर्वत्र सारखीच दक्षता असेल, असे मानता येत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत पालक उंचीची पट्टी पाहतात. कुमारवयात ती ओलांडलेली असते आणि सावधगिरी सैल पडते. वस्तुतः याच वयात शरीर झपाट्याने वाढते. वजनाची मर्यादा, दमा किंवा पाठीचे दुखणे यांविषयीच्या सूचना त्यांनाच अधिक लागू होतात. सुरक्षापट्टा नीट बसला नाही, तर उठून बाहेर यायचे, एवढे मुलांना स्पष्टपणे सांगितलेले असावे.

जलक्रीडा उद्यानांत आणखी एक नाजूक पदर असतो. तेथे सुती कपडे चालत नाहीत. नायलॉनचा पोशाख सक्तीचा असतो. स्वतःच्या शरीराविषयी संकोच दाटून येण्याच्या वयात हा पोशाख, त्यातच नातलगांनी काढलेली छायाचित्रे आणि ती कुटुंबाच्या ग्रुपवर टाकण्याची घाई, हे मुलामुलींना किती जड जाते, याची कल्पना मोठ्यांना नसते. मुलीच्या पाळीच्या तारखा विचारात न घेता दिवस ठरवायचा आणि ती काठावर बसून राहिली की ‘हिचे हे नेहमीचेच’ म्हणायचे, यात चूक तिची नाही. घरचा पूर्ण बाहीचा पोशाख नेणे, छायाचित्रांना आधी परवानगी विचारणे आणि तारीख मुलीलाच निवडू देणे, यासाठी पैसे पडत नाहीत.

हिशेब कशाचा करायचा?

सहलीची फलश्रुती पालक सहसा किती पाळणे झाले यावर मोजतात. मुले ती वेगळ्या रीतीने मोजतात: आपले कोणी ऐकले का, आपल्यावर विश्वास टाकला का, चारचौघांत आपला पाणउतारा तर झाला नाही ना. या दोन हिशेबांचा मेळ घालणे हेच नियोजन. एका संध्याकाळी सर्वांनी बसून प्रत्येकाच्या पसंतीची दोन-दोन आकर्षणे, एकूण खर्चाचा आकडा आणि परतीची वेळ ठरवली, तर पुढचे निम्मे वाद मिटतात. जायचेच नाही, असे मुलांचे मत पडले, तर तेही ऐकून घेण्याची तयारी हवी. एखाद्या घराला त्या पैशांत चार दिवसांचे कोकण अधिक लाभेल.

अठरावे वर्ष लागले की मुले शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला, बंगळुरूला किंवा परदेशी निघून जातात आणि सर्वांना एकाच वेळी मिळणारी सुटी दुर्मीळ होते. आठवी ते बारावी या पाच वर्षांत, परीक्षा वगळता, अशा फार तर दोन-तीन सहली पदरात पडतात. तिकिटाच्या खिडकीने ज्यांना प्रौढ ठरवले, त्यांना त्या दिवसापुरते घरानेही प्रौढ मानले, तर या थोड्या सहली सार्थकी लागतील. त्यासाठी उद्यान कोणते आणि किती दूरचे, हा प्रश्न दुय्यम आहे.