दिवाळी, बाळंतीण आणि पाहुणे

दसरा झाला की आमच्या बिबवेवाडीतल्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. 'डॉक्टर, धाकटा वीस दिवसांचा, थोरली अडीच वर्षांची. दिवाळी गावी करावी की इथेच?' प्रश्न आई विचारते, पण शेजारी सासूबाई बसलेल्या असतात. उत्तर मी त्यांच्याकडे बघूनच देतो. यंदा घरीच, आणि थोडक्यात.

पहिल्या दोन महिन्यांत बाळाची प्रतिकारशक्ती फार कमी असते. मोठ्यांची साधी सर्दी त्याच्या छातीत उतरायला वेळ लागत नाही. आपली सव्वा महिन्याची जुनी रीत या दृष्टीने शहाणपणाची होती. बाळंतिणीला विश्रांती मिळे, बाळाजवळ वर्दळ नसे. (बंद खोली आणि शेगडीची धुरी मात्र सोडून द्यावी.) दिवाळीत नेमकी हीच रीत मोडते. फराळाला आलेला प्रत्येक जण बाळाला उचलतो, पापा घेतो. खोकणारेही मागे राहत नाहीत. त्यांना अडवायचे कोणी? सून बोलली तर ती उद्धट ठरते. माझे स्पष्ट मत आहे की हे काम सासू-सासऱ्यांचे. 'हात धुऊन घ्या, सर्दी असेल तर लांबूनच बघा,' हे ज्येष्ठांच्या तोंडी शोभते आणि कोणाला लागतही नाही.

फराळाचेही तसेच. रात्री तीन-चारदा उठून बाळाला पाजणाऱ्या बाईने चकल्याही तळायच्या, म्हणजे 'घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं'! यंदा फराळ विकत आणावा किंवा घरातल्या इतरांनी करावा. बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. सण म्हणून घुट्टी किंवा बासुंदीचे बोट चाटवू नये. मध तर वर्षभर नकोच. अभ्यंगस्नान हलक्या हाताने घालावे, पण नाकात-कानात तेल सोडू नये. नाकातले तेल फुप्फुसात उतरू शकते.

आता फटाके. २०१६ साली पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने निरनिराळ्या फटाक्यांचा धूर मोजला. सर्वांत जास्त सूक्ष्म कण निघाले ते लहान मुलांच्या आवडत्या नागगोळीतून. तेव्हा 'आवाज नाही, मग चालेल' हा समज सोडावा. गल्लीत धूर असेल तेवढा वेळ बाळाच्या खोलीच्या खिडक्या लावाव्यात, नंतर उघडाव्यात.

या सगळ्यात विसरली जाते ती थोरली. जो येतो तो बाळाकडे धावतो. मग ती पुन्हा अंथरूण ओले करते, बाळाला चिमटा काढते. तिच्यावर ओरडू नये. तो खोडसाळपणा नसतो, माझ्याकडेही बघा असे ते सांगणे असते. पाहुण्यांनी आधी तिच्याशी बोलावे. तिला रांगोळीत रंग भरू द्यावेत, पणत्या मोजू द्याव्यात. भाऊबीजेला ताम्हण मोठ्यांनी धरावे आणि तिने नुसता हात लावावा. तिच्या वाटीतल्या चिवड्यातून शेंगदाणे आणि डाळे मात्र काढून टाकावेत. या वयात ते श्वासनलिकेत अडकण्याची भीती असते.

एक गोष्ट घरातल्या सर्वांनी लक्षात ठेवावी. दोन महिन्यांच्या आतले बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजावेत. ते ६० किंवा त्याहून अधिक भरले, छाती आत ओढली जाऊ लागली, बाळ दूध पिईनासे झाले, अंग तापले किंवा गार पडले, तर पाडवा आहे, डॉक्टर नसतील, असे म्हणत थांबू नये. थेट रुग्णालय गाठावे.

गावाकडच्या आजी-आजोबांनी रुसू नये. पुढच्या दिवाळीला नातू स्वतःच्या पायांनी त्यांच्या अंगणात येईल. यंदा त्याला आणि त्याच्या आईला निवांतपणा द्यावा. दिवाळीची याहून मोठी ओवाळणी नाही.