माफी कुणाच्या खिशातून?

लेकीकडे, डॅलसजवळच्या प्लेनोला, दोन महिने राहून आले. तिच्या शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ राहतात. शनिवारी सकाळी लॉन कापायला निघाले की त्यांच्या अंगात तो ठरलेला काळा टी-शर्ट असतो. धुऊन धुऊन विटलेला, छातीवर तीन अक्षरं, ‘सीएबी’. मला वाटलं, पूर्वी कुठल्या टॅक्सी कंपनीत असतील. लेक म्हणाली, “आई, कोच आर्ट ब्रायल्स. आणि कृपा करून तो विषय काढू नकोस, अख्खी सकाळ जाईल तुझी.”

मी अर्थातच विषय काढला.

डॅलसहून ऑस्टिनला जाताना वाटेत वेको लागतं, गोष्ट तिथली. हायवेवरूनच, ब्राझोस नदीच्या काठाला, मोठं स्टेडियम दिसतं. ते बेलर विद्यापीठाचं. १८४५ सालचं, बाप्टिस्ट पंथाचं, शिस्तीचं विद्यापीठ. इतकं शिस्तीचं की १९९६ पर्यंत कॅम्पसवर नाचायला बंदी होती. मुलामुलींनी हातात हात धरून दोन पावलं टाकायची नाहीत, मग काय व्हायचं ते होवो. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या विद्यापीठाचा फुटबॉल संघ (अमेरिकन फुटबॉल, ज्यात पायाचं काम बेताचंच) वर्षानुवर्षं मार खाणारा. मोसम चांगला गेला की संघांना जे मानाचे ‘बोल’ सामने मिळतात, त्यांतला एकही बेलरच्या वाट्याला १९९४ नंतर आला नव्हता. २००८ मध्ये आर्ट ब्रायल्स आले. २०१० मध्ये बोल सामना आला, २०११ मध्ये रॉबर्ट ग्रिफिन या त्यांच्या खेळाडूने हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला सर्वांत मोठा वैयक्तिक सन्मान, वेकोला आणली. २०१३ आणि २०१४ अशी लागोपाठ दोन वर्षं संघ ‘बिग ट्वेल्व्ह’ गटात विजेता. दुसऱ्या वर्षी जेतेपद वाटून घ्यावं लागलं, हे शेजाऱ्यांना अजून पटलेलं नाही. नदीकाठचं ते स्टेडियम २०१४ चंच. त्याच्या विटाविटांत ब्रायल्स आहेत, असं ते म्हणाले, आणि त्यात अतिशयोक्ती नसावी.

ब्रायल्स हा माणूस टेक्ससच्या मातीतला. शाळेच्या संघांना शिकवत वर आलेला. स्टीफनव्हिल या लहानशा गावाच्या शाळेला त्यांनी चार राज्य अजिंक्यपदं मिळवून दिली. १९७६ मध्ये ते स्वतः ह्यूस्टन विद्यापीठाकडून खेळत असताना, त्यांचा सामना बघायला निघालेले आईवडील आणि मावशी वाटेत मोटार अपघातात गेले. पोरगा मैदानावर होता. हे सांगताना शेजाऱ्यांनी मशीन बंद केलं. मलाही क्षणभर काही बोलवेना.

मग २०१६ चा मे महिना. फिलाडेल्फियाच्या एका कायदा संस्थेकडून बेलरने चौकशी करून घेतली होती. खेळाडूंनी मुलींवर केलेल्या अत्याचारांच्या तक्रारी फुटबॉल विभागातल्या लोकांपर्यंत पोचूनही पुढे गेल्या नाहीत, काही वेळा त्यांनीच परस्पर तक्रारदारांची गाठ घेतली, असं तिच्या निष्कर्षांत होतं. ब्रायल्स गेले. विद्यापीठाचे अध्यक्ष केन स्टार यांचं पद गेलं. हे तेच स्टार, ज्यांनी क्लिंटन यांच्या खासगी आयुष्याचा पानंच्या पानं अहवाल लिहिला होता. बेलरचा पूर्ण अहवाल मात्र कागदावर आलाच नाही. विश्वस्तांना तो तोंडी सांगितला गेला आणि जनतेच्या हाती तेरा पानांचा गोषवारा पडला. त्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये विश्वस्तांनी वृत्तपत्राला आकडा दिला: २०११ पासून सतरा महिलांच्या तक्रारी, एकोणीस खेळाडूंविरुद्ध, त्यांत चार सामूहिक बलात्काराच्या.

पुढच्याच महिन्यात घरच्या मैदानावर टीसीयू या दुसऱ्या विद्यापीठाशी सामना होता. बाहेर काळे टी-शर्ट विकले जात होते. शेजाऱ्यांनी दोन घेतले.

“दहा वर्षं होत आली,” ते म्हणाले. “माणसाला किती शिक्षा करायची? त्याने तर कुणाला बोटही लावलं नाही.”

हे खरं आहे. ब्रायल्स यांच्यावर गुन्हा दाखल झाला नाही. शेजाऱ्यांच्या बाजूचा आणखी एक मुद्दा मला मान्य करावा लागला. शिक्षणात स्त्रीपुरुष भेदाला बंदी करणारा ‘टायटल नाईन’ कायदा १९७२ चा. तो बघणारा पूर्णवेळ अधिकारी बेलरने नेमला २०१४ च्या नोव्हेंबरात. बेचाळीस वर्षांनी. सडलेलं घर होतं आणि एका खांबावर सगळं ढकललं, असं त्यांचं म्हणणं. ‘एनसीएए’ या कॉलेज क्रीडासंस्थेने २०२१ मध्ये निकाल दिला, तोही साधारण असाच: हे अपयश सबंध विद्यापीठाचं, आमच्या नियमपुस्तिकेत ते बसत नाही. मात्र त्याच निकालात ब्रायल्स यांच्याबद्दल जे लिहिलंय ते शेजारी सांगत नाहीत. अशा गोष्टी कानावर आल्यावर साध्या माणसाने जेवढं करायला हवं तेवढंही यांनी केलं नाही, असा त्याचा आशय.

आणि ती नाचबंदी. त्याच शिस्तीतून बेलरमध्ये दारूवरही कडक नियम होते. पार्टीत घोटभर घेतलेली मुलगी अत्याचाराची तक्रार द्यायला गेली, तर आधी तिच्यावरच कारवाई व्हायची भीती. शिस्त म्हणजे मुलींना गप्प बसवण्याची उत्तम सोय. आपल्याकडच्या कितीतरी वसतिगृहांच्या वॉर्डनना हे सांगायची गरज नाही!

“मग आर्कान्साने पेट्रिनोला कसं परत घेतलं?” शेजाऱ्यांनी हुकमी पत्ता टाकला.

बॉबी पेट्रिनोची गोष्ट खरं तर प्रहसनात शोभेल. आर्कान्सा विद्यापीठाचे हे नामी प्रशिक्षक एप्रिल २०१२ मध्ये मोटरसायकलवरून पडले. मानेला पट्टा, तोंडभर ओरखडे अशा अवतारात पत्रकारांसमोर आले आणि एकटाच होतो म्हणाले. दोन दिवसांत पोलिसांच्या अहवालातून कळलं, की मागे पंचविशीची तरुणी बसलेली होती, जिला त्यांनी नुकतंच आपल्याच विभागात नोकरीला लावलं होतं. दीडशेहून अधिक अर्जांमधून. संबंध होते, वीस हजार डॉलरची भेट होती, आणि वरिष्ठांशी धडधडीत खोटं बोलणं होतं. दहाव्या दिवशी घरी बसवलं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या विद्यापीठात हजर! आणि २०२३ च्या अखेरीस खुद्द आर्कान्सानेच त्यांना दुय्यम प्रशिक्षक म्हणून परत बोलावलं. २०२५ मध्ये मुख्य प्रशिक्षकाला काढल्यावर संघ हंगामी म्हणून पेट्रिनोंच्या हाती आला. सात सामने खेळले, सातही हरले.

मला त्या परत बोलावण्यात फारसं वावगं वाटत नाही. खोटं आर्कान्साशी बोलले, फसवलं आर्कान्साला, माफही आर्कान्सानेच केलं. ज्याचं गेलं त्याने सोडून दिलं. (ज्यांचे अर्ज फुकट गेले त्यांना विचारायला हवं होतं, पण ते असो.)

ब्रायल्स यांच्या बाबतीत मात्र माफ करायला निघालेत ते भलतेच लोक. २०१७ च्या ऑगस्टमध्ये कॅनडातल्या हॅमिल्टनच्या संघाने त्यांना नेमलं. एवढा गदारोळ उठला की रात्र पडायच्या आत नेमणूक मागे. २०१९ मध्ये पूर्व टेक्ससमधल्या माउंट व्हर्नन गावच्या शाळेने घेतलं. २०२२ च्या फेब्रुवारीत लुइझियानातल्या ग्रॅम्बलिंगने घेतलं, तेव्हा त्याच विद्यापीठाचा लाडका माजी खेळाडू डग विल्यम्स जाहीरपणे विरोधात गेला आणि चार दिवसांत ब्रायल्स यांनीच राजीनामा दिला. दर वेळी हीच चर्चा, की या माणसाला संधी द्यावी का. यातल्या कुणाचं काय गेलं होतं? हॅमिल्टनच्या मालकांचं? शाळेच्या बोर्डाचं? माझ्या शेजाऱ्यांचं तर एक जेतेपद सोडून काहीच नाही. दुसऱ्याच्या खिशातून दान करायला माणूस किती उदार होतो.

ज्यांचं गेलं त्यांतल्या बहुतेकींची नावंही आपल्याला माहीत नाहीत, आणि तेच बरं. न्यायालयात त्या ‘जेन डो’ होत्या. जेन डो एक, जेन डो दोन, अशा पंधरापर्यंत. जर्सीवरच्या नंबरांसारख्या. २०१६ मध्ये बेलरविरुद्ध दाखल झालेला तो दावा २०२३ मध्ये तडजोडीने मिटला. विशी-एकविशीत सुरू झालेलं प्रकरण तिशीच्या उंबऱ्याशी संपलं. त्यांना कोणता नवा मोसम मिळाला, कुठल्या बोर्डाने त्यांच्यासाठी बैठक बोलावली, यावर टेक्ससमध्ये कुणी टी-शर्ट छापलेला मी पाहिला नाही.

“तुमच्याकडे काय करतात अशा माणसाचं?” शेजाऱ्यांनी विचारलं.

“नारळ देतात,” मी म्हणाले. मग समजावून सांगावं लागलं, की आमच्याकडे कामावरून काढणं म्हणजे नारळ देणं, आणि शाल पांघरून सत्कार करायचा तर तिथेही नारळच. कोणता नारळ कशाचा हे मिळालेल्यालाही चटकन कळत नाही. बेलरने तर एकाच नारळात दोन्ही उरकलं: ब्रायल्स यांना घालवताना दीड कोटी डॉलरहून अधिक रक्कम हातावर ठेवली. वर वर्षभरात एक पत्रही दिलं, की त्यांनी कुठल्या पीडितेला तक्रारीपासून थेट परावृत्त केल्याचं आमच्या माहितीत नाही.

शेजारी हसले. मग म्हणाले, “पण त्याने माफी मागितली ना. टीव्हीवर, सगळ्यांसमोर.”

मागितली. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये. चुका झाल्या, जहाजाचा कप्तान मी, म्हणून जबाबदारी माझी, असं ते म्हणाले. मुलाखत घेणाऱ्याने खोदून विचारलं, तरी चूक कोणती, हे काही सांगितलं नाही. मी त्यांच्या जागी असते तर मलाही वकिलाने गप्पच बसवलं असतं, हे कळतं मला. पण वकिलाला विचारून मागितलेल्या माफीवर नोकरी मागू नये.

मी शेजाऱ्यांना एवढंच विचारलं, “कशाबद्दल मागितली होती हो माफी? नेमकं काय चुकलं म्हणाले ते?”

त्यांनी मशीनची दोरी हातात धरली, जरा विचार केला. “ती मुलाखत पुन्हा बघावी लागेल,” म्हणाले, आणि उरलेलं लॉन कापायला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात आले. वेकोच्या अलीकडे वेस्ट नावाचं गाव आहे, चेक लोकांचं, तिथून आणलेले कोलाचे घेऊन. मऊ गोड पाव, मधल्या खळग्यात जर्दाळूचा मुरंबा. लेकीने चहा टाकला. पाऊस कसा लांबलाय, यावर बराच वेळ बोलणं झालं.