बाई टिकत नाही, की आपण शिकवत नाही?

माझा नातू नऊ वर्षांचा. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. मुलगा-सून नोकरीला, माझे गुडघे गेलेले. वर्षभरात सांभाळायला तीन बायका आल्या नि गेल्या. ‘हल्ली बायका टिकतच नाहीत,’ असं मिस्सा सुटल्यावर मीही चारचौघींत बोलले. चौथीने पहिल्याच दिवशी विचारलं, “टीचर, घास कसा भरवायचा ते आधी दाखवा.” मला लाज वाटली. जन्मभर शाळेत शिकवलं, पण आधीच्या तिघींना काही दाखवलंच नव्हतं.

मग सून आठवडाभर रजा घेऊन तिच्यासोबत राहिली. ताठ बसवून लहान घास, आडवं ठेवून कधीच नाही. फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, हे लिहून भिंतीला लावलं. पगार ठरल्या तारखेला, रविवारी सुट्टी. आज दोन वर्षं ती आहे.

केंद्राच्या नॅशनल ट्रस्टने अशा कामासाठी ‘सहयोगी’ ही प्रशिक्षण योजना आखली आहे. पॅरिशच्या महिला मंडळांनी गरजू बायकांना तिची माहिती द्यावी. आणि शेजाऱ्यांनो, ‘बिचारा’ म्हणण्याऐवजी रविवारी तासभर त्याच्याजवळ येऊन बसा.

— एक निवृत्त शिक्षिका, बेळगाव