आधी झटका येऊ द्या, मग कार्ड दाखवा!

हुबळी-धारवाडच्या नागरिकांनो,

मे २०२५ मध्ये सरकारी रुग्णालयांच्या आवारातली जनऔषधी केंद्रे बंद करण्याचा आदेश राज्य सरकारने काढला, वाद उच्च न्यायालयाच्या धारवाड पीठापर्यंत गेला आणि राज्यातल्या दोन्ही मोठ्या पक्षांना भांडायला आयता विषय मिळाला. एक म्हणतो, आमच्याकडे औषध फुकट आहे, मग आवारात विकतचे दुकान कशाला? दुसरा म्हणतो, गरिबाच्या तोंडची गोळी काढली. आदेश संतापजनक होताच, ते तुम्हाला सांगायला नको. पण दुकान फाटकाच्या आत असावे की बाहेर यावर गळा काढणाऱ्या या मंडळींचे एका बाबतीत गुण्यागोविंदाने जमते: म्हाताऱ्या माणसाची रोजची गोळी हा विम्याचा विषयच नव्हे. आमचे भांडण आहे ते या एकमताशी.

२९ ऑक्टोबर २०२४ ला सत्तरी गाठलेल्यांसाठी, उत्पन्नाची अट न घालता, वर्षाला पाच लाखांचे आयुष्मान कार्ड वाजतगाजत आले. त्याच्या अटी वाचा. पैसे मिळणार ते अ‍ॅडमिट झाल्यावर. औषधांचा खर्च मिळणार तो दाखल होण्याआधीच्या तीन दिवसांचा आणि घरी सोडल्यानंतरच्या पंधरा दिवसांचा. सोळाव्या दिवशी बीपी आपोआप उतरते, असे कोणत्या मेडिकल कॉलेजात शिकवतात? २०१७-१८ च्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या दर शंभरांत सुमारे बत्तीस जणांना रक्तदाब आणि चौदा जणांना मधुमेह असल्याचे निदान झालेले होते. हे खाटेवर पडून बरे होणारे आजार नाहीत. ते रोज सकाळी, चहाआधी किंवा जेवणानंतर, मरेपर्यंत गोळी मागतात. रक्तदाबाची साधी अ‍ॅम्लोडिपिन जनऔषधीत रुपयाच्या आत मिळते, म्हणजे वर्षाला ३६५ रुपयांच्या आत. तेवढे द्यायला कार्ड तयार नाही. गोळी चुकली, मेंदूत रक्तस्राव झाला, अर्धे अंग गेले, की तेच कार्ड लाखांची भाषा बोलू लागते. मधुमेह्याला मेटफॉर्मिन नाही; मूत्रपिंडे निकामी झाल्यावर डायलिसिस मात्र आहे. याला आरोग्यविमा म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा.

गोळी चुकते कशी, हे पाहायला लांब जायला नको. हुबळीच्या दुर्गदबैल भागात असो की धारवाडच्या सुभाष रोडला, महिनाअखेरीस मेडिकलच्या काउंटरवर उभे राहा. दहाची पट्टी कात्रीने कापून चार गोळ्या दिल्या जातात. मुदतीची तारीख बहुधा दुकानात राहिलेल्या तुकड्यावर असते. चार गोळ्या आठ दिवस पुरवायच्या हे गिऱ्हाइकाला ठाऊक असते आणि दुकानदारालाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो शहाजोग: सरकारी दवाखान्यात फुकट मिळते की! मिळते, ज्या दिवशी साठा असतो त्या दिवशी. नसला की चिठ्ठीवर बाहेरून आणायला लिहून मिळते, आणि त्या चिठ्ठीला विमा हात लावत नाही. दुसरा आक्षेप पथ्याचा: म्हाताऱ्यांनी मीठ कमी खावे, फिरायला जावे. जातात बापडे. पण चालून मधुमेह सुटत असता तर बाजारातल्या हमालाला तो कधी झालाच नसता. तिसरा, तिजोरीचा आक्षेप मात्र गंभीरपणे घेतला पाहिजे. कोट्यवधी लोकांना रोजची औषधे देणे स्वस्त नाही, हे खरे. पण हे काम सरकारला अपरिचित तरी कुठे आहे? केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना १९५४ पासून चालू आहे आणि तिच्यात निवृत्तांना घरी खायची औषधे मिळतात. जिथे तिचे केंद्र नाही, तिथल्या केंद्रीय निवृत्तांना २०१७ पासून महिन्याला हजार रुपये वैद्यकीय भत्ता मिळू लागला. मिळो, आम्हाला त्याचा हेवा नाही. पण भविष्य निर्वाह निधीच्या योजनेत गिरणी किंवा एसटीतून निवृत्त झालेल्यासाठी २०१४ मध्ये किमान पेन्शन ठरली तीही हजारच! एकाचा औषधाचा भत्ता तेवढीच दुसऱ्याची अख्खी पेन्शन. त्यातच घाऊक महागाईच्या निर्देशांकाला बांधलेल्या अत्यावश्यक औषधांच्या कमाल किमती एप्रिल २०२२ मध्ये १०.७७ टक्के आणि एप्रिल २०२३ मध्ये १२.१२ टक्के वाढवायला परवानगी मिळाली. औषधाला निर्देशांक लागू होतो, हजाराच्या पेन्शनीला नाही.

अमेरिकेनेही हाच घोळ घातला होता. १९६५ मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर आली ती रुग्णालयाचा आणि डॉक्टरचा खर्च उचलायला. घरी खायच्या गोळ्या वगळल्या. गोळ्यांचा कायदा झाला २००३ मध्ये, अंमल २००६ मध्ये. त्यातही खर्चाच्या एका मधल्या टप्प्यात औषधाचे पैसे रुग्णाच्याच माथी मारणारे भगदाड ठेवले होते, ते बुजवायला आणखी वर्षे गेली. चाळीस वर्षे फुकट घालवून त्यांनी जे शिकून ठेवले, ते पुन्हा पहिल्या इयत्तेपासून गिरवण्याची हौस आपल्याला का?

मागणी सरळ आहे. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, दमा, थायरॉइड, काचबिंदू यांची जेनेरिक औषधे साठीपुढच्या प्रत्येकाला महिन्याभराची, अखंड पट्टीत, सरकारी दवाखान्यात किंवा कुठल्याही नोंदणीकृत मेडिकलमध्ये तशाच कार्डावर मिळावीत. साठा नसेल तर चिठ्ठीचे पैसे विम्याने भरावेत. मत मागायला जो कुणी दारात येईल, मग तो फाटकाच्या आतल्या पक्षाचा असो की बाहेरच्या, त्याला एवढेच विचारा: सोळाव्या दिवसाची गोळी कोण देणार?