दिवसाची सायकल आणि रात्रीची बोट

गेल्या वर्षी होळीच्या सुमारास एक निवृत्त गुरुजी मंचरच्या माझ्या दवाखान्यात आले. वय ६८. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांत त्यांची सारी नोकरी झाली, आणि त्यातली पहिली पंधरा वर्षे तरी सायकलवर. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर सपाट हिरवी शेते, मधून कालवा, काठाने सायकलस्वारांची रांग आणि मागे एक लांबट, बुटकी बोट.

"मुलगा हॉलंडला आहे, आयंडहोवनला. तो म्हणतो, तुम्ही दोघे या, आपण आठवडाभर दिवसा सायकल चालवू आणि रात्री या बोटीत झोपू. मला जमेल का, एवढंच सांगा डॉक्टर."

बार्ज म्हटले की आपल्याला गोव्याच्या मांडवी-जुवारीतून खनिज वाहून नेणारी अवजड बोट आठवते. नेदरलँड्समध्येही कालव्यांतून माल वाहणाऱ्या अशा बोटी शेकड्यांनी होत्या. त्यांतल्या काही जुन्या बोटींच्या पोटात आता छोट्या खोल्या, स्वयंपाकघर आणि जेवणाची जागा करून त्या प्रवाशांसाठी वापरतात. सकाळी न्याहारी करून सायकलवर निघायचे, कालव्याच्या वा नदीच्या काठाने तीस ते पन्नास किलोमीटर जायचे. तोवर बोट सामानासकट पुढच्या गावी जाऊन थांबलेली असते. ॲमस्टरडॅमहून निघून किंडरडाइकच्या १९ पवनचक्क्या पाहत बेल्जियममधील ब्रुजपर्यंत जाणारी आठवड्याची सहल विशेष लोकप्रिय आहे. ज्येष्ठांच्या दृष्टीने या बेताचा मोठा गुण असा, की रोज बॅग भरावी लागत नाही, अंथरूण बदलत नाही आणि एखाद्या दिवशी पाय नको म्हणाले तर बोटीतच बसून पुढच्या गावी पोचता येते. जोडप्यापैकी एकाला सायकल येत नसली, तरी दोघांची सहल एकत्र होते.

मी गुरुजींची रीतसर तपासणी केली. रक्तदाब आटोक्यात, मधुमेह बऱ्यापैकी ताब्यात, इसीजी ठीक. हृदयरोगतज्ज्ञांकडून चालत्या पट्ट्यावरची तपासणीही करवून घेतली. तीही समाधानकारक आली. पुढच्या भेटीत मी म्हणालो, "जा खुशाल." आणि कागद आवरू लागलो.

तेव्हा दाराजवळच्या बाकावर बसलेल्या काकू प्रथमच बोलल्या. "डॉक्टर, सायकलचं राहू द्या. त्या बोटीत रात्रीची मोरी कुठे असते, ते विचारा आधी."

गुरुजींनी त्यांच्याकडे रागाने पाहिले. काकू थांबल्या नाहीत. "हे तुम्हाला सांगणार नाहीत. रात्रीतून तीनदा उठतात. भिंत धरून जातात. दिवाळीनंतर कपाटावर डोकं आपटलं होतं. मी दोन वर्षं जागीच असते."

वाचकहो, चूक माझी होती. मी दिवसाच्या चाळीस किलोमीटरची परीक्षा घेतली आणि रात्रीच्या दहा पावलांची घेतली नाही. शिवाय रुग्णाला प्रश्न विचारले. त्याच्याबरोबर राहणाऱ्या, त्याची रात्र पाहणाऱ्या व्यक्तीला एकही विचारला नाही.

मग जी तपासणी पहिल्याच दिवशी करायला हवी होती ती केली. गुरुजींना पाच मिनिटे आडवे निजवून रक्तदाब मोजला, उभे करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजला. निजलेले असताना वरचा आकडा १४२ होता. उभे राहताच ११४ झाला आणि त्यांनी टेबलाची कड धरली. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर तो दोष समजावा. पाय जमिनीवर टेकताच रक्त पायांकडे ओढले जाते. तरुणपणी रक्तवाहिन्या क्षणात आवळून हा फरक भरून काढतात, उतारवयात त्यांना उशीर लागतो. मधुमेहाने नसा मंदावल्या असतील तर आणखी उशीर. गुरुजी प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन आणि रक्तदाबाची गोळी, दोन्ही झोपताना एकदम घेत होते. वेगवेगळ्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या वर्षी दिलेल्या या गोळ्या रात्री एकत्र येतात, याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. त्या कोणांत मीही आलो. मूत्रविकारतज्ज्ञांशी बोलून वेळा आणि मात्रा बदलल्या. वाचकांनी मात्र हे वाचून आपापल्या गोळ्यांची वेळ परस्पर बदलू नये. सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून आपल्या डॉक्टरांपुढे ठेवाव्यात.

आता त्या बोटीतील रात्र डोळ्यांपुढे आणा. खोली लहान, पलंग अरुंद, जिना उभा आणि पायऱ्या चिंचोळ्या. स्वच्छतागृहाच्या दाराला बहुधा उंबरठा असतोच. बोट काठाला बांधलेली असली तरी शेजारून दुसरी गेली की किंचित हलते. त्यात दिवसभराच्या श्रमाने मांड्या थकलेल्या. ज्याला घरी भिंत धरावी लागते त्याने तिथे काय धरावे? मुलाला मी चार प्रश्न लिहून पाठवले: खोली कोणत्या मजल्यावर, पायऱ्या किती, कठडा दोन्ही बाजूंना आहे का, आणि स्वच्छतागृह खोलीतच आहे का. पहिल्या बोटीची उत्तरे मनासारखी आली नाहीत. दुसरी बोट थोडी महाग होती, ती ठरली.

रात्रीचा आणखी एक धोका मधुमेहींनी नीट समजून घ्यावा. दिवसभर सायकल चालवली की स्नायू पुढे कित्येक तास रक्तातील साखर ओढत राहतात. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर मध्यरात्रीनंतर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. घाम, थरथर, विचित्र स्वप्ने, उठल्यावर गोंधळ ही तिची लक्षणे. अंधारात गोंधळलेला माणूस आणि उभा जिना, यांची गाठ पडू नये. म्हणून अशा सहलीसाठी गोळीची मात्रा आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी, झोपण्यापूर्वी साखर तपासावी, आणि ग्लुकोजची पुडी किंवा साखर उशाशी ठेवावी. बॅगेच्या तळाशी नव्हे.

लघवीसाठी उठावे लागू नये म्हणून दिवसभर पाणी तोडणारे ज्येष्ठ मी रोज पाहतो. तो उपाय नव्हे. दिवसा पुरेसे प्यावे, संध्याकाळी सातनंतर कमी करावे, चहा तर नकोच. ज्यांच्या पायांना संध्याकाळी सूज येते त्यांनी दुपारी तास-दीड तास पाय उशीवर ठेवून पडावे. पायांत साठलेले पाणी झोपेआधीच निघून जाते. रात्री उठताना पलंगाच्या कडेला दोन मिनिटे बसावे, घोटे दहा-वीस वेळा वरखाली हलवावेत, मगच उभे राहावे. लघवीचे भांडे पलंगाजवळ ठेवण्यात कमीपणा कसला, हे मला अजून कळलेले नाही. गुरुजींना ते पटवायला तीन भेटी लागल्या.

आता सायकलकडे वळू. सायकल गुडघ्यांना चालण्यापेक्षा हलकी पडते, कारण देहाचा भार खोगीर उचलते. ज्येष्ठ पडतात ते बहुधा चढता-उतरताना, पाय दांडीवरून पलीकडे टाकताना. त्यासाठी दांडी नसलेली सायकल घ्यावी, जिला आपल्याकडे लेडीज सायकल म्हणतात. गुरुजी म्हणाले, "शाळेतली पोरं पाहतील तर काय म्हणतील?" हॉलंडमध्ये आजोबाही तसल्याच सायकलवर दिसतात, हे मुलाने फोटो पाठवून सिद्ध केले, तेव्हा विषय मिटला.

मात्र तिथल्या काही सायकलींत एक फसगत आहे: पायडल उलटे फिरवले की ब्रेक लागतो. आपण आयुष्यभर पायडल सहज मागे फिरवत आलो, त्यामुळे सायकल अवचित थांबते आणि आपण पुढे. बॅटरीवर जोर देणारी सायकल थकव्याला उत्तम, पण ती वीस-पंचवीस किलोंची असते. कलंडली तर सावरता येत नाही. शिवाय तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने जायचे. या सगळ्याची सवय पहिल्या दिवशी मोकळ्या जागेत करून घ्यावी. चढ नसला तरी समोरून येणारा वारा असतो; तिथला घाट म्हणजे तोच.

तयारी आम्ही इथेच केली. पहिल्या आठवड्यात रोज तीन किलोमीटर, मग दर आठवड्याला थोडे थोडे वाढवत दोन महिन्यांत पंचवीस. कसोटी एकच: सायकल चालवताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य मध्येच तुटले तर वेग जास्त. छातीत दडपण, जबड्यात वा डाव्या हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी आली तर त्याच जागी थांबायचे. पुणे-नाशिक महामार्ग पूर्ण वर्ज्य. घोडेगावकडे जाणारा रस्ता बरा, पण ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्यांना वाट देऊन थेट उतरून उभे राहावे. कालव्याच्या कडेची वाट दिसायला अगदी हॉलंडसारखी. तिला कठडा नसतो आणि पाण्याला ओढ असते, म्हणून एकट्याने जाऊ नये. आणि जुन्नर-आंबेगावात राहणाऱ्यांना बिबट्याविषयी मी काय सांगावे? ऊन वर आल्यावर निघावे, दिवेलागणीच्या बऱ्याच आधी परतावे, सोबत असावी, बोलत जावे.

शेवटी एक रंगीत तालीम केली. डिंभे धरणाच्या जलाशयाकाठी, ज्याला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव दिले आहे, गुरुजींचा एक जुना विद्यार्थी राहतो. गुरुजी सायकलने गेले, काकू एसटीने. ज्या गावाने तालुक्याला नाव दिले ते आंबेगाव या पाण्याखाली आहे; संध्याकाळी दोघे काठावर बसून त्याविषयी बराच वेळ बोलले, असे काकूंनी सांगितले. जाताना-येताना काही त्रास झाला नाही. रात्री दोन वाजता मात्र गुरुजी उठले आणि डावीकडे चालू लागले, कारण घरी मोरी डावीकडे आहे. इथे डावीकडे ओट्याची कड होती, खाली तीन फूट. काकू जाग्या होत्या म्हणून हाताला धरता आले. झोपेतून उठलेले पाय घरचीच वाट चालतात, हे मलाही त्या प्रसंगाने शिकवले. त्यानंतर ठरले: नव्या जागी झोपण्यापूर्वी पलंग ते स्वच्छतागृह ही वाट दिवा लावून तीनदा चालायची, मग दिवा मालवून बॅटरीच्या उजेडात एकदा, आणि पलंगाची बाजू अशी निवडायची, की उठल्यावर वळायचे ते घरच्याच दिशेला. दूरचे-जवळचे एकाच काचेत असलेला चष्मा जिना उतरताना पायरी पुसट दाखवतो. त्यासाठी हनुवटी खाली घेऊन पाहायचे, किंवा जिन्यापुरता साधा दूरचा चष्मा ठेवायचा.

नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी, फिट्स येणाऱ्यांनी आणि मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यात रक्तस्राव झालेल्यांनी असा बेत तज्ज्ञांच्या परवानगीवाचून करू नये. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांना साधे पडणेही महागात पडते. डोके आपटले तर बरे वाटत असले तरी रुग्णालय गाठावे. हेल्मेट सर्वांनाच. औषधे हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसह. उन्हाळ्यात तिथले घड्याळ आपल्यामागे साडेतीन तास असते, त्याप्रमाणे गोळ्यांच्या वेळा लिहून न्याव्यात. प्रवासविम्याच्या अर्जात जुने आजार लपवू नयेत.

जूनमध्ये दोघे गेले. सात दिवसांपैकी गुरुजींनी पाच दिवस सायकल चालवली. एक दिवस पाऊस होता, एक दिवस वारा. ते दोन्ही दिवस ते काकूंबरोबर बोटीच्या पुढच्या भागात बसले. काकूंनी आल्यावर मला सांगितले, की बोटीवर चौथ्या रात्रीपासून त्या सलग झोपल्या. गुरुजी एकदाच उठत होते, आणि उठण्याआधी पलंगाच्या कडेला बसून घोटे हलवत होते. हे त्यांना कसे कळले, असे मी विचारले नाही.

परतल्यावर गुरुजींनी मोरीच्या वाटेवर कठडा बसवून घेतला आणि जमिनीलगत एक लहान दिवा लावला. मग नारायणगावला जाऊन दांडी नसलेली सायकल घेतली. दुकानदाराने विचारले, "नातीला का गुरुजी?" गुरुजींनी खोगिराची उंची आपल्या कमरेशी जुळवून पाहिली आणि म्हणाले, "नाही, मला. घंटी जरा मोठ्या आवाजाची लावा."