रेघही शिकवावी लागते

लहान मुलाला विकासाच्या तपासणीसाठी नेले, की बालरोगतज्ज्ञ त्याच्यापुढे कागद आणि पेन्सिल ठेवतात. ‘असा गोल काढ बघू’ म्हणतात. साधारण तिसऱ्या वर्षी मूल गोल काढू लागते, चौथ्या वर्षी अधिकचे चिन्ह, साडेचार-पाचच्या सुमारास चौकोन, पाच-सहाव्या वर्षी त्रिकोण आणि सहा-सातव्या वर्षी शंकरपाळीचा आकार. महिना-दोन महिने मागेपुढे झाले म्हणून घाबरायचे कारण नसते, आणि एका चित्रावरून निदानही होत नाही. पण डोळ्यांनी पाहिलेले मेंदू कसे उमजतो आणि बोटे ते कसे उतरवतात, याचा अंदाज त्या रेघेवरून येतो. वैद्यकशास्त्र मुलाची रेघ इतक्या गांभीर्याने घेते. शाळा मात्र ती गृहीत धरून थेट अक्षराकडे जाते.

वास्तविक देवनागरी अक्षर म्हणजे रेघांचाच मेळ. उभी रेघ, आडवी रेघ, तिरपी रेघ, अर्धगोल, गाठ. या पाच गोष्टी हाताला येत असतील तर ‘क’ काय किंवा ‘ळ’ काय, अवघड राहत नाही. त्या येत नसताना दुरेघी वहीत पानेच्या पाने गिरवून घेतली, तर बोटे दुखतात, पेन्सिल कागदात रुतते आणि मुलाला लिहिण्याचाच कंटाळा येतो. हातावरचा ताबा साधारणपणे खांद्याकडून बोटांकडे सरकत येतो. म्हणून सुरुवात मोठ्या रेघांनी व्हावी. फरशीवर खडूने, फळ्यावर उभे राहून, जुन्या वर्तमानपत्रावर ओल्या रंगाने. अख्खा हात फिरला, की मग मनगट आणि शेवटी बोटे. आपल्याकडच्या ठिपक्यांच्या रांगोळीत अंतर मोजणे, दिशा धरणे आणि रेघ न तुटता नेणे, हे सारे शिक्षण आहे. ते शाळेच्या दाराबाहेर ठेवण्यात शहाणपण नाही.

प्राथमिक वर्गांत ‘चित्रकला’ म्हणून जे चालते, ते बहुतेकदा दोनच प्रकारचे असते. छापील आकृतीत रंग भरणे, किंवा दोन डोंगर, मधला सूर्य, नदी आणि घर हे फळ्यावरून उतरवून घेणे. दोन्हींत मूल कुठल्याही वस्तूकडे पाहत नाही. रेघ शिकवणे म्हणजे पाहायला शिकवणे. पिंपळाचे पान हातात देऊन त्याच्या शिरा कुठून निघतात आणि कुठे संपतात ते काढायला सांगावे. भेंडीचा आडवा काप पुढे ठेवावा. चुकलेली रेघ खोडायला न लावता शेजारी दुसरी काढायला सांगावी. दोन्हींतला फरक मुलाचे मुलालाच कळतो.

याचा विज्ञानाशी संबंध काय, असे विचारणाऱ्यांसाठी एक दाखला. १६०९ मध्ये इंग्लंडच्या थॉमस हॅरियटने दुर्बिणीतून चंद्र पाहिला आणि त्याचे चित्र काढले. त्यात उजेड-अंधाराची वेडीवाकडी सीमारेषा होती, पण तिचा अर्थ त्याला लागला नाही. काही महिन्यांनी गॅलिलिओने तीच सीमारेषा पाहिली आणि चंद्रावर डोंगर-दऱ्या आहेत हे ओळखले. त्याची दुर्बीण अधिक चांगली होती हे खरे. पण तो छायाप्रकाश रंगवायला शिकलेला होता, हेही तितकेच खरे. अलीकडे, २०१६ मध्ये, कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले, की एखादा शब्द लिहून काढण्यापेक्षा त्याचे चित्र काढले तर तो अधिक लक्षात राहतो. चित्र चांगले असण्याची अटही नव्हती.

मग अडते कुठे? बालकलेचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी नोंदवले आहे, की नवव्या वर्षाच्या आसपास मुलांना चित्र ‘खऱ्यासारखे’ यावे असे वाटू लागते. पाहिलेले आणि हातून उतरलेले जुळत नाही, हे त्यांना खुपते. नेमके याच वेळी कोणी रेघ शिकवणारे हवे. पण शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत कलेच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे ती सहावी ते आठवीसाठी, तीही शंभरावर पटसंख्या असलेल्या शाळांत. पहिली ते पाचवीला ती नाहीच. शासकीय रेखाकला परीक्षा आणि त्यांचे दहावीतील वाढीव गुण, हे सगळे त्याच्याही पुढचे. तोवर बहुसंख्य मुलांनी ‘मला चित्र येत नाही’ असा निकाल स्वतःच लावून टाकलेला असतो.

प्रत्येक प्राथमिक शाळेत उद्याच चित्रकार नेमा, असे कोणी म्हणणार नाही. वर्गशिक्षकाला हे करता येईल. मात्र त्यासाठी डी.एल.एड. अभ्यासक्रमात आणि सेवांतर्गत प्रशिक्षणात रेघ शिकवण्याचा प्रत्यक्ष सराव हवा. रोज दहा मिनिटे, पाटी आणि खडू एवढे भांडवल पुरे. स्पर्धा नको, गुण नकोत. शिक्षकाचा हात सुंदर चालला पाहिजे, अशीही अट नाही. जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्रे जगभर पोहोचवली. त्या चित्रांतला माणूस दोन त्रिकोण, एक गोल आणि चार-सहा रेघा यांतूनच उभा राहतो, आणि नाचतोही. एवढे आकार पहिलीच्या मुलाच्या आवाक्यातले आहेत.

सगळी मुले कवी होणार नाहीत, हे ठाऊक असूनही आपण सगळ्यांना अक्षरे शिकवतो. रेघेलाही तोच न्याय लावावा, आणि तो सहावीत नव्हे, पहिलीत लावावा.