सही घेण्याआधी

 २२ जून १९९४ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हिस्सा देणारी वारसा कायद्यातली दुरुस्ती महाराष्ट्रात लागू झाली. राज्याचे पहिले महिला धोरणही त्याच वर्षीचे. मुख्यमंत्री होते बारामतीचे शरद पवार. देशभर हा हक्क मिळायला २००५ साल उजाडले. बारामतीकरांनी याचा अभिमान जरूर बाळगावा. मात्र त्या दुरुस्तीत एक अट होती: त्या तारखेपूर्वी लग्न झालेली मुलगी वगळलेली. लग्न झाले की लेक परकी, ही समजूत कायद्यातही शिरली होती. २००५ च्या दुरुस्तीने ती कायद्यातून गेली. घरांतून गेलेली नाही.

कायदा बदलूनही घर न बदलणे आपल्याकडेच घडते असे नाही. मार्तँ प्रोवो यांच्या 'ला बॉन एपूज' या २०२० च्या फ्रेंच विनोदी चित्रपटात १९६७-६८ मधली, मुलींना चांगली बायको व्हायला शिकवणारी शाळा आहे. ती चालवणाऱ्या बाईंचा नवरा अचानक मरतो आणि शाळा कर्जात बुडाल्याचे त्यांना तेव्हा कळते. नवऱ्याच्या परवानगीविना नोकरी करण्याचा, बँकेत खाते उघडण्याचा हक्क फ्रान्समधल्या विवाहितेला १९६५ मध्ये मिळाला होता. व्यवहार मात्र नवऱ्याच्याच हातात राहिला होता. चित्रपट हसवतो. पण सोसायटीचे कर्ज नवऱ्याच्या दहाव्यानंतर कळलेली बाई आपल्याकडे कुणी पाहिलेली नाही?

आपल्याकडे अशा शाळेची गरजच पडली नाही. चांगली बायको आणि चांगली बहीण घरातच घडवली जाते. नीरा डाव्या कालव्याखालच्या बागायतीला सोन्याचा भाव आहे, तरी वडील गेले की वारसनोंदीपाठोपाठ हक्कसोडपत्र तयार असते. भाऊ वाईट असतो असे नाही. "ताई, तुला काय कमी आहे?" एवढेच तो विचारतो. लग्नात केलेला खर्च हाच तिचा वाटा, असे वडीलधारे सांगतात. सही नाकारली तर माहेर तुटेल, ही भीती तिला कुणी बोलून दाखवावी लागत नाही. दिवाळीची साडी आणि एकरभर ऊस यांची अशी अदलाबदल आपण प्रेमाच्या नावाखाली चालवून घेतो, याची चीड यायला हवी.

बहिणीने स्वखुशीने हिस्सा सोडला तर तो तिचा अधिकार. पण खुशी आहे की धाक, हे कुणी तपासायचे? बारामती आणि इंदापूरच्या दुय्यम निबंधक कार्यालयांत हक्कसोडपत्र नोंदवण्यापूर्वी तिला भावांपासून वेगळे बसवावे, गटनंबर, क्षेत्र आणि आजचा सरकारी दर वाचून दाखवावा, आणि विचार करायला आठवडा द्यावा. १९९४ च्या निर्णयाचा वारसा सांगणाऱ्या इथल्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी येत्या अधिवेशनात मांडावी.